ओराकांदी ते गडचिरोली

बंगाल मराठी घरात आला तो मुख्यतः पुस्तकांतून. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले, रवींद्रनाथ शाळेत भेटले. हा बंगाल बहुतांशी भद्रलोकांचा; ब्राह्मण, वैद्य, कायस्थ घरांचा. पूर्व बंगालच्या पाणथळ भागात भात पिकवणारा, होड्या वल्हवणारा नामशूद्र समाज त्यात क्वचितच दिसतो.

या समाजाला सवर्ण ‘चांडाल’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात पूर्व बंगालमधल्या ओराकांदी गावच्या हरिचांद ठाकूर यांनी (१८१२-१८७८) त्याला मतुआ पंथ दिला. दीक्षा नको, तीर्थयात्रा नको. संसार करावा, हाताने काम करावे, मुखी नाम असावे. आपल्या सावता माळ्याला हे सांगावे लागले नसते. त्यांचे पुत्र गुरुचांद यांनी शिक्षणाचा ध्यास घेतला आणि ऑस्ट्रेलियन मिशनरी मीड यांच्या मदतीने ओराकांदीत शाळा उभी केली. १९११च्या जनगणनेत ‘नामशूद्र’ हे नाव सरकारदरबारी नोंदले गेले.

१९४६मध्ये डॉ. आंबेडकरांना मुंबई प्रांतातून संविधान सभेत जाता आले नाही. जोगेंद्रनाथ मंडल या नामशूद्र नेत्याने पुढाकार घेतला आणि बाबासाहेब बंगालमधून निवडून आले. मंडल पुढे पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. १९५०च्या दंगलींनंतर राजीनामा देऊन भारतात परतले.

फाळणीच्या वेळी सवर्ण कुटुंबे आधी कोलकात्याला आली. जमिनीला धरून राहिलेला नामशूद्र शेतकरी मागाहून, दंगलींच्या लाटांबरोबर आला, तेव्हा बंगालमध्ये जागा नाही असे त्याला सांगण्यात आले. रायपूरजवळच्या माना छावणीतून त्याची रवानगी दंडकारण्याच्या खडकाळ माळांवर झाली. पाण्यात वाढलेल्या माणसांना! १९७८मध्ये हजारो जण तिथून सुंदरबनातल्या मरिचझांपी बेटावर येऊन वसले. त्यांनी स्वतःच्या बळावर शाळा काढली, मासेमारी सुरू केली. जानेवारी १९७९मध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने बेटाची नाकेबंदी केली, अन्नपाणी तोडले, गोळीबार झाला. मे महिन्यात वस्ती उठवली. किती माणसे मेली यावर आजही एकमत नाही. स्वतंत्र भारतातली ही एक मोठी लाजिरवाणी घटना आहे, असे मला वाटते.

अशाच नामशूद्र निर्वासितांच्या वसाहती गडचिरोलीच्या मुलचेरा, चामोर्शी तालुक्यांत आहेत. पश्चिम बंगालमध्ये नामशूद्र अनुसूचित जातींत मोडतात, महाराष्ट्रात नाहीत. हा दर्जा इथेही मिळावा, अशी त्यांची जुनी मागणी आहे. ज्या समाजाच्या नेत्याने बाबासाहेबांना संविधान सभेची वाट मोकळी करून दिली, त्याची ही मागणी महाराष्ट्राने आपली म्हणून लावून धरावी.