संकरण आणि सरोवरातील माशांच्या नव्या जातींची उत्क्रांती : व्हिक्टोरिया सरोवराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

दोन भिन्न जातींच्या संकरातून जन्मलेली संतती बहुधा वांझ अथवा दुर्बल असते. म्हणून संकरण हा नव्या जातींच्या निर्मितीतील अडथळा होय, असा समज प्राणिशास्त्रात दीर्घकाळ रूढ होता. अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडलेल्या जातीच्या व्याख्येत प्रजननात्मक विलगतेला मध्यवर्ती स्थान असल्याने तो अधिकच दृढ झाला. जनुकीय संशोधनाने मात्र या समजाला छेद दिला आहे. प्रस्तुत लेखात पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराच्या आधारे संकरणाच्या सर्जक व विघातक अशा दोन्ही बाजूंचा परामर्श घेतला आहे.

सरोवर आणि सिक्लिड मासे

युगांडा, केनिया व टांझानिया या देशांत पसरलेल्या या सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ६८,८०० चौ. कि. मी. आहे. यात सिक्लिड कुळातील सुमारे ५०० जाती उत्क्रांत झाल्या. (महाराष्ट्रातील जलाशयांत ‘चिलापी’ म्हणून परिचित असलेला तिलापिया याच कुळातील होय.) खडकावरील शैवाल खरवडणारे, गोगलगाईंचे कवच फोडणारे, प्लवक टिपणारे, इतर माशांची शिकार करणारे असे विलक्षण वैविध्य त्यांत आढळते. तळातील गाळाच्या अभ्यासावरून हे सरोवर हिमयुगाच्या अखेरीस कोरडे पडले होते व सुमारे १५,००० वर्षांपूर्वी पुन्हा भरू लागले, असे दिसते. केवळ नव्या उत्परिवर्तनांच्या बळावर इतक्या अल्पकाळात एवढ्या जाती निर्माण होणे संभवत नाही. मग हे वैविध्य आले कोठून?

संकरणाची सर्जक बाजू

ओले सीहाउसेन यांनी २००४ मध्ये असे प्रतिपादन केले की, दूरच्या वंशांतील संकरण हे जलद जातिनिर्मितीचे भांडवल ठरू शकते. २०१७ मध्ये त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासातून याला पुष्टी मिळाली. काँगो व नाईल या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांतील दोन वंशांचा सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी या प्रदेशात संकर झाला होता. दीर्घ विलगतेत दोन्ही वंशांत साठलेली जनुकरूपे त्यामुळे एकत्र आली. पुढे सरोवर भरल्यावर मोकळ्या अधिवासांत त्यांचे निरनिराळे संयोग निवडले गेले.

दृष्टीशी संबंधित एका जनुकावरून हे स्पष्ट होते. लाल बाजूचा प्रकाश ग्रहण करणाऱ्या प्रथिनाच्या या जनुकाची दोन भिन्न रूपे या दोन वंशांकडून आली. सरोवरात खोलीनुसार निळा प्रकाश कमी होऊन लालसर प्रकाश उरतो. पुंडामिलिया प्रजातीतील एका जातीचे निळसर नर उथळ पाण्यात, तर दुसरीचे लाल नर तुलनेने खोल पाण्यात आढळतात. माद्या रंगावरून जोडीदार निवडतात. अशा रीतीने अधिवास, दृष्टी व जोडीदाराची निवड परस्परांशी जोडली जाऊन विलगता निर्माण होते.

संकरणाची विघातक बाजू

ही विलगता प्रकाशावर अवलंबून असल्याने ती तितकीच नाजूक आहे. शेती व वस्त्यांतून येणाऱ्या पोषकद्रव्यांमुळे पाणी गढूळ झाले. सीहाउसेन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, गढूळ पाण्यात नरांचे रंग फिके पडतात आणि तेथे एकत्र राहणाऱ्या जातींची संख्याही घटते. प्रयोगशाळेत एकरंगी प्रकाशात माद्यांना स्वजातीचा नर ओळखता आला नाही. १९५० च्या दशकात सोडलेल्या नाईल पर्च या भक्षक माशाने अनेक जातींचा घास घेतला, हे सर्वश्रुत आहे. परंतु परस्परांत मिसळून नाहीशा होणाऱ्या जातींचा ऱ्हास सहसा नजरेत भरत नाही. स्वित्झर्लंडमधील सरोवरांतही पोषकद्रव्यांच्या अतिरेकाने खोल पाण्यातील प्राणवायू घटला आणि तेथील व्हाइटफिशच्या जाती संकरणाने एकमेकींत विलीन झाल्या, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

निष्कर्ष

संकरण स्वतः उपकारकही नाही व अपकारकही नाही. त्याचा परिणाम परिस्थितीवर ठरतो. वैविध्यपूर्ण अधिवास उपलब्ध असतील तर त्यातून नव्या जाती घडतात. अधिवासांतील भेद पुसले गेले तर असलेल्या जातीही विरून जातात. म्हणून मत्स्यसंवर्धनात केवळ जातींची नोंद पुरेशी नाही. पाण्याची पारदर्शकता, खोलीनुसार प्रकाश व प्राणवायू यांचे रक्षण हे जातिनिर्मितीच्या प्रक्रियेचेच रक्षण होय. उत्क्रांतीच्या अध्यापनातही संकरणाला अपवाद न मानता एक मूलभूत प्रक्रिया म्हणून स्थान देणे उचित ठरेल.