सहारांतील तारूत वृक्ष

अल्जीरियाच्या आग्नेय भागांत, जानेत या मरुवनाच्या वरच्या अंगास, तासिली नाज्जेर नांवाचें वालुकाश्माचें पठार आहे. तेथें वर्षाकाठीं सरासरी तीस मिलिमीटर पाऊस पडतो. कोंकणांत तेवढा एखाद्या सरींत पडून जातो. अशा ठिकाणीं सायप्रसची एक जात आजवर टिकून आहे. आपल्याकडे समुद्रकांठीं ज्याला सुरू म्हणतात तें झाड निराळ्या कुळांतलें. सायप्रस हा शंकूंत बीं धरणारा, देवदाराच्या वर्गांतला वृक्ष होय.

तुआरेग लोक याला तारूत म्हणतात. घराच्या बांधकामास त्यांनीं याचें लांकूड पूर्वापार वापरलें. १९२४ सालीं द्युप्रे नांवाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यानें याची नोंद केली, व १९२६ सालीं एमे कामू या विदुषीनें शास्त्रीय नामकरणांत त्याचेंच नांव याला दिलें. यास शोध म्हणतात. तो युरोपास लागला एवढेंच! कांहीं झाडांचें वय दोन हजार वर्षांहून अधिक असावें असा अंदाज आहे. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या गणनेंत अवघीं २३३ झाडें जिवंत आढळलीं.

या वृक्षाची संतति वाढविणें कठीण, कारण याच्या बहुतेक बिया पोकळ निघतात. परंतु त्याच बियांनीं एक विलक्षण गोष्ट उघड केली. सामान्यतः परागांत पित्याचीं अर्धीं गुणसूत्रें असतात व उरलेलीं अर्धीं मातेकडून येतात. तारूताच्या परागांत तीं पूर्ण असतात, आणि गर्भ एकट्या परागापासूनच वाढतो. मातृवृक्ष केवळ पोषण पुरवितो. भरद्वाजाचा पुत्र मातेवांचून द्रोणांत वाढला, या महाभारतांतील कथेचें येथें सहज स्मरण होतें. तारूताचा पराग भूमध्यसागराकांठच्या साध्या सायप्रसवर घातला असतां त्या परक्या झाडाच्या बियांतूनही शुद्ध तारूताचीं रोपें निघालीं. हें संशोधन २००१ सालीं 'नेचर' नियतकालिकांत प्रसिद्ध झालें.

तेव्हां दुर्मिळ मातृवृक्षांवांचूनही रोपें मिळण्याची वाट मोकळी झाली. मात्र असें रोप सर्वस्वीं पित्याच्याच वंशाचें असतें. दोन झाडांचे गुण एकत्र होत नाहींत. म्हणून आज उभें असलेलें एकेक झाड मेलें कीं त्याचा विशेषही त्याच्याबरोबर जाण्याचें भय आहे.

तासिली १९७२ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, व १९८२ सालीं जागतिक वारशांत गणलें गेलें. तरीही पठारावर नवीं रोपें क्वचितच दिसतात. पाणी आटत चाललें आहे, आणि जें कोंवळें रोप उगवतें तें शेळ्या खातात. पाश्चात्य बागांतून तारूत जगविला जातो तें उत्तमच. पण पठारावरील रोपाला पहिलीं कांहीं वर्षें कुंपण व पाणी लागणार, आणि तें काम तेथील शेळ्या राखणाऱ्यांना सोबत घेतल्यावांचून होणारें नाहीं.