समुद्रातल्या किल्ल्यावर पोरांना नेताना आधी तिथी बघा

भाताची झोडणी आटोपली, वाल पेरून झाले, की आपल्या रायगड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला चार दिवस उसंत मिळते. नेमकी त्याच वेळी घरातली पोरं मागे लागतात, "बाबा, आम्हाला समुद्र दाखवा." रायगड हा समुद्रकाठचा जिल्हा खरा, पण पोलादपूर, माणगाव, सुधागड, कर्जतकडच्या कितीतरी घरांत चार-पाच वर्षांच्या मुलाने अजून खारे पाणी पाहिलेले नसते. शाळेची सहल निघते ती मोठ्या मुलांची. लहानग्यांना समुद्र दाखवायचा तर आईबापांनाच उठावे लागते.

एका दिवसात किल्लाही होईल आणि समुद्रही, अशी जागा म्हणजे अलिबागचा कुलाबा किल्ला. ओहोटीला पायी जाता येते, खर्च बेताचा. एस.टी.त पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, बारापर्यंत अर्धे, आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धे. किल्ल्यात पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश फुकट. तेव्हा पैशाची अडचण मोठी नाही. अडचण आहे ती पाण्याच्या वेळेची.

आभाळ कोरडे, पाणी कमरेला

मागच्या हिवाळ्यात अलिबागच्या पुळणीवर पाहिलेला प्रसंग सांगतो. घाटाकडचे एक कुटुंब सकाळी उशिरा आले. नवरा-बायको, दोन लहान मुले. समोरून लोक चालत येताना दिसले, म्हणून हेही किल्ल्याकडे चालू लागले. समोरचे लोक परत का येताहेत, हे कोणी विचारले नाही. अर्ध्या वाटेवर घोडागाडीवाल्याने हटकले, "अहो दादा, पाणी वळलंय. पोरं उचला नि मागं फिरा." त्यांनी ऐकले, पण फोटो काढण्यात दहा मिनिटे गेली. किनाऱ्याला लागेपर्यंत बापाच्या कमरेला पाणी होते. थोरला खांद्यावर, धाकटी आईच्या काखेत, चपला गेलेल्या, शिदोरीची पिशवी गेलेली.

कोणाला काही झाले नाही. पण तो गृहस्थ बसून राहिला आणि म्हणाला, "आमच्याकडं नदी चढते ती वर पाऊस झाला की. इथं आभाळ कोरडं, मग पाणी आलं कुठून?"

शेतकरी माणूस पाण्याला घाबरत नाही, ते ओळखतो. पण नदीचे पाणी ओळखणे वेगळे आणि समुद्राचे वेगळे. भरतीचे पाणी आधी सखल जागी शिरते. आपण उभे असतो ती वाळू कोरडी असते आणि आपल्या व किनाऱ्याच्या मधला पट्टा भरून गेलेला असतो.

तिथीची पाऊणपट

समुद्रकाठी पिढ्यान् पिढ्या चालत आलेला एक साधा हिशेब आहे. त्या दिवसाची तिथी घ्यावी, तिला तीनने गुणावे, चारने भागावे. येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजावी. पंचांगात अमावस्येला तीस आकडा असतो, पण हिशेबाला पंधराच धरावी.

उदाहरण घेऊ. चतुर्थी म्हणजे चार. चार त्रिक बारा, भागिले चार, आले तीन. म्हणजे दुपारी तीनला भरती आणि सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. त्रयोदशीला भरती पावणेदहाला, तर ओहोटी दुपारी पावणेचारला. रोज ही वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते.

आता अष्टमी पाहा. भरती सहाला, ओहोटी भर दुपारी बाराला. वेळ सोयीची वाटते, पण इथेच लोक फसतात. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी फार चढत नाही तसे फार उतरतही नाही. वाट पुरती उघडी पडेलच असे नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असते, तेव्हा पाणी खूप उतरते, पण ओहोटी सकाळी सहाच्या आत-बाहेर आणि पुन्हा संध्याकाळी. मुले घेऊन जाणाऱ्याला हे दोन्ही गैरसोयीचे. म्हणून तृतीया ते पंचमीची सकाळ किंवा द्वादशी-त्रयोदशीची दुपार बरी.

हा हिशेब घरी बसून दिवस ठरवण्यापुरता. किनाऱ्यावर पोचल्यावर कोळी बांधवांना किंवा घोडागाडीवाल्यांना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावे आणि ओहोटी झाल्यावर तासाभरात किनाऱ्याला परत लागावे. वाटेत पाणी मुलाच्या गुडघ्याच्या वर असेल तर मागे फिरावे. पावसाळ्यात हा बेतच करू नये.

किल्ल्यात काय दाखवावे

शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये हा किल्ला बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात १६८१ मध्ये तो पुरा झाला. पुढे कान्होजी आंग्र्यांचे आरमार इथून हलत असे. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले, त्यांना हात हलवत परत जावे लागले.

लहान मुलाला सनावळी सांगून उपयोग नाही. त्याला तटाचे दगड दाखवावेत. मोठमोठे चिरे एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाही. लाटेचे पाणी फटीत शिरते आणि जोर ओसरतो. आपण बांधाला ताल घालताना पाण्याला वाट ठेवतो, तसेच हे. चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा दाखवाव्यात. पोरांचे पाय तिथून निघत नाहीत. सिद्धिविनायकाचे देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधले. शेजारीच पुष्करणी आहे. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे, याचे नवल मोठ्यांनाही वाटते. मात्र तटाच्या आणि पुष्करणीच्या काठी मुलाचा हात सोडू नये.

वाटेवरच्या खडकांवर शेवाळ असते आणि कालवांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. अनवाणी जाऊ नये, मागून पट्टा असलेल्या चपला घालाव्यात. प्यायचे पाणी, टोपी, मुलाला कोरडा कपडा आणि बांधून घेतलेली भाकरी एवढे पुरे.

ग्रामपंचायतींनी मनावर घ्यावे

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. ती मुले कॉलेजातली होती, हातीपायी धड. मग चार वर्षांच्या पोराची काय कथा! जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आपल्या जिल्ह्यातले रायगड आणि खांदेरी हे किल्ले गेले आहेत. किल्ले पाहायला येणारी कुटुंबे वाढणार, आणि ती बहुतेक समुद्र न ओळखणारी असणार.

भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टके वर्षाआधीच छापतो. समुद्रकाठच्या ग्रामपंचायतींनी पुळणीच्या तोंडाशी एक काळा फळा लावावा आणि रोज सकाळी खडूने तीनच ओळी लिहाव्यात: आज ओहोटी किती वाजता, पाण्यात केव्हापर्यंत, परत केव्हा. याला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. जोडीला शिट्टी घेतलेला गावातला एक पोहणारा तरुण, बायकांसाठी कपडे बदलायची खोली आणि प्यायच्या पाण्याचा नळ. वाहनतळाचे पैसे जिथे घेतले जातात, तिथे त्यातला काही वाटा यावर खर्च करायला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची हरकत नसावी.

यात गावाचेही हित आहे. कुटुंब सुखरूप परतले तर वाटेत थांबते. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कार्ले, खंडाळे भागातला कांदा निघाला की त्याच्या वेण्या याच पाहुण्यांच्या हाती जातात. घाबरून पळालेला पाहुणा वेणी घ्यायला थांबत नाही.

पेरणीला नक्षत्र बघणाऱ्याला तिथी बघायला शिकवावे लागत नाही. या हंगामात पोरांना समुद्र जरूर दाखवावा. फक्त भिंतीवरची दिनदर्शिका आधी उलटावी, आणि एस.टी.चे वेळापत्रक मागाहून बघावे.