थट्टेचा अधिकार: इंग्रजी विद्यापीठीय कादंबरीतील स्त्री आणि निर्धन विद्यार्थी

मराठी वाचकाला 'रँग्लर' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत आणखी एका विद्यार्थ्याच्या बरोबरीने सीनियर रँग्लर झाले, आणि तेव्हापासून हा परदेशी शब्द आपल्याकडे बुद्धिमत्तेचे बिरुद होऊन बसला. परंतु त्यापूर्वी नऊ वर्षे, १८९० मध्ये, त्याच परीक्षेत न्यूनम महाविद्यालयाच्या फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीने सीनियर रँग्लरहूनही अधिक गुण मिळविले होते, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. परीक्षेला बसण्याची रीतसर परवानगी स्त्रियांना १८८१ पासून होती. त्यांचा क्रम मात्र पुरुषांच्या क्रमाशी ताडून निराळा सांगितला जाई. म्हणून फॉसेटबाईंचे स्थान 'सीनियर रँग्लरच्या वर' असे जाहीर झाले. बिरुद मिळाले ते खालच्या पुरुषाला, आणि पदवी बाईंना मिळालीच नाही.

पुढे १८९७ च्या मे महिन्यात स्त्रियांना पदवीचे निदान नाव तरी द्यावे की नाही, या प्रश्नावर केंब्रिजमध्ये मतदान झाले. परांजपे त्या वेळी तेथेच शिकत होते. मताचा अधिकार एम. ए. झालेल्या सर्व माजी विद्यार्थ्यांना असल्यामुळे गावोगावचे पाद्री आणि वकील लंडनहून सुटलेल्या खास गाड्यांनी आले. सतराशेंहून अधिक मते विरुद्ध पडली, बाजूने साडेसहाशेंच्या आसपास. मत नसलेल्या विद्यार्थ्यांनी आपले मत निराळ्या रीतीने नोंदविले. सेनेट हाउससमोरील पुस्तकाच्या दुकानावर त्यांनी सायकलवर बसलेल्या एका स्त्रीचा पुतळा टांगला. निकाल कळताच तो खाली ओढून त्याच्या चिंध्या केल्या आणि त्या न्यूनमच्या फाटकातून आत कोंबल्या. या पुतळ्याची छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत. त्यांकडे पाहताना सायकलीचा अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. गर्टन हे स्त्रियांचे दुसरे महाविद्यालय गावापासून दूर होते, आणि व्याख्यानाला स्वतःच्या बळावर, कोणाची गाडी न मागता येणारी मुलगी सायकलवरूनच येई. टांगलेली होती ती बुद्धिमती स्त्री खरी, पण त्याहून अधिक, कोणावर अवलंबून नसलेली स्त्री.

१९२१ च्या ऑक्टोबरात पुन्हा मतदान झाले. या वेळी पदवीचे नुसते नाव देण्याचे ठरले. विद्यापीठाचे सदस्यत्व, म्हणजे कारभारातील मत, नाकारले गेले. एवढा विजय मिळूनही विद्यार्थ्यांचा जमाव न्यूनमवर चालून गेला आणि हातगाडीच्या धडका देऊन त्याने तेथील काशाच्या फाटकाची नासधूस केली. हे फाटक न्यूनमच्या पहिल्या प्राचार्या ॲन क्लफ यांचे स्मारक होते. पूर्ण पदवी केंब्रिजने दिली ती १९४८ मध्ये. आपल्या कलकत्ता विद्यापीठाने कादंबिनी गांगुली आणि चंद्रमुखी बसू यांना बी. ए. ची पदवी दिली ती १८८३ मध्ये. ऑक्सफर्डने १९२० मध्ये पदवी दिली खरी, परंतु सात वर्षांतच स्त्रियांची संख्या पुरुषांच्या एक चतुर्थांशाच्या वर जाऊ नये असा निर्बंध घातला आणि तो १९५७ पर्यंत टिकविला.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण भाषांतरकाराच्या अडचणीत आहे. अशा प्रकाराला इंग्रजीत 'रॅग' म्हणतात. या शब्दाला मराठीत काय म्हणावे? थट्टा म्हणावे तर फाटक मोडते. दंगा म्हणावे तर मूळ शब्दातील लाडिकपणा नाहीसा होतो. कुचेष्टा हा शब्द अर्थाने जवळचा आहे, पण कुचेष्टा करणाऱ्याकडे मराठी माणूस प्रेमाने पाहत नाही, आणि 'रॅग' या शब्दात पाहणाऱ्याचे प्रेम गृहीतच असते. हेच कृत्य गावातील कसायाच्या किंवा सुताराच्या मुलाने केले असते तर इंग्रजी भाषेनेही त्याला दंगाच म्हटले असते आणि मुलगा न्यायाधीशासमोर उभा राहिला असता. म्हणजे शब्दाची निवड कृत्यावरून होत नाही, कर्त्याच्या घराण्यावरून होते. 'रॅगिंग' हे त्याच शब्दाचे अपत्य आपल्याकडे आले तेव्हा हा लाडही बरोबर आला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये कायदा केला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये विनियम केले, तरी 'मुलांची गंमत' हे शब्द अजून वसतिगृहांच्या भिंतींआड ऐकू येतात.

स्त्रीविषयीचा तिरस्कार आणि गरिबाविषयीची तुच्छता या दोन स्वतंत्र व्याधी आहेत अशी आपली सामान्य समजूत असते. प्रतिष्ठित विद्यापीठापुरते बोलावयाचे तर ती मला मान्य नाही. जागा थोड्या, मान मोठा, आणि तो मान आपल्याला जन्मानेच मिळाला आहे हा विश्वास. अशा ठिकाणी दारात उभ्या असलेल्या प्रत्येक नव्या माणसाला 'तू येथला नव्हेस' हे सांगण्याचे एक साधन लागते. नियमाने सांगता येते तोपर्यंत नियम सांगतो. नियम शिथिल झाला की ते काम थट्टा करते. केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात १९८८ मध्ये पहिल्या विद्यार्थिनी आल्या, तेव्हा काही विद्यार्थ्यांनी दंडावर काळ्या फिती बांधून सुतक पाळले. नियम गेला होता. उरली होती ती फीत.

निर्धन विद्यार्थ्याचा इतिहास याहून जुना. केंब्रिजमध्ये 'सायझर' आणि ऑक्सफर्डमध्ये 'सर्व्हिटर' असा एक वर्ग असे. फी कमी, पण तिच्या बदल्यात श्रीमंत सहाध्यायांची चाकरी करावयाची. न्यूटन १६६१ मध्ये ट्रिनिटीत आला तो असाच. हे शब्द भाषांतरित करताना आपल्याकडील वार लावून जेवणारा विद्यार्थी आठवल्याशिवाय राहत नाही. दोघांचेही पोट दुसऱ्याच्या मर्जीवर. परंतु वार देणाऱ्या घरचा मुलगा आणि वारावर जेवणारा मुलगा एकाच पंक्तीला बसत असोत वा नसोत, त्या मुलाला निदान घरातील पुण्याचा वाटेकरी मानले जाई. सायझरच्या वाट्याला हाही मुलामा नव्हता. (आपल्या मुलाम्याखाली जातीची केवढी मोठी उतरंड दडलेली होती, तो निराळ्या लेखाचा विषय आहे.)

ज्याला सायझर होण्याचीही संधी मिळाली नाही त्याची कथा टॉमस हार्डीने 'ज्यूड द ऑब्स्क्युअर' या १८९५ च्या कादंबरीत सांगितली. हार्डी स्वतः पाथरवटाचा मुलगा, विद्यापीठाचे तोंड न पाहिलेला. त्याचा नायक ज्यूड हाही पाथरवट. ज्या महाविद्यालयांच्या भिंती तो दुरुस्त करतो त्यांच्या आत त्याला प्रवेश नाही. आपल्या धंद्यालाच चिकटून राहावे, असा सभ्य सल्ला त्याला एका महाविद्यालयाच्या प्रमुखाच्या पत्रातून मिळतो. या पत्राची चर्चा टीकाकार नेहमी करतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा दारूच्या गुत्त्यातील प्रसंग. ज्यूडला लॅटिनमधून धर्मसूत्र म्हणण्याचे आव्हान दिले जाते, एक विद्यार्थी त्याच्या दारूचे पैसे देतो, आणि तो म्हणून दाखवितो. त्या विद्यार्थ्याला त्यातला एकही शब्द कळलेला नसतो. तरीही तो त्याच्या लॅटिनची वाहवा करतो! विद्या कोणाकडे आहे आणि विद्येला पसंती देण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे हार्डी एकाही विशेषणाशिवाय दाखवितो. तिरस्काराने जेवढे दुखत नाही तेवढे या वाहवेने दुखते.

ईव्हलिन वॉच्या 'डिक्लाइन अँड फॉल' (१९२८) या कादंबरीचे स्थान याच्या उलट टोकाला आहे. ऑक्सफर्डच्या 'बुलिंग्डन' या श्रीमंत मुलांच्या मंडळीने १८९४ मध्ये आणि पुन्हा १९२७ मध्ये क्राइस्ट चर्च महाविद्यालयाच्या एका चौकातील खिडक्या सरसकट फोडल्या होत्या. वॉने या मंडळीला 'बॉलिंजर' असे पारदर्शक नाव देऊन कादंबरीच्या आरंभीच तिचा धुमाकूळ रंगविला आहे. पॉल पेनीफेदर हा मध्यमवर्गीय, अभ्यासू विद्यार्थी रस्त्याने जात असतो. त्याच्या शाळेचा टाय मंडळीच्या टायसारखा दिसतो, एवढ्याच अपराधासाठी त्याची विजार काढून घेतली जाते. आणि असभ्य वर्तनाबद्दल विद्यापीठातून हकालपट्टी होते ती त्याचीच. दोन अधिकारी हा प्रकार अंधारातून पाहत असतात. त्यांना आनंद होतो तो यासाठी, की दंडाची रक्कम पुरेशी झाली तर संस्थापकांच्या वेळची पोर्ट दारू उघडता येईल. संस्थेची सहनशीलता कोठून येते याचे याहून नेमके निदान समाजशास्त्राच्या ग्रंथातही सापडणे कठीण. मात्र वॉ हे सर्व इतक्या हसतखेळत सांगतो, की वाचक शेवटी खिडक्या फोडणाऱ्यांच्या बाजूने हसू लागतो. उपहासकाराच्या कौशल्याचा हा दोष की गुण, यावर मतभेद होऊ शकेल. मी त्याला दोष मानतो.

हे दोन्ही पूर्वग्रह एकाच कथानकात गुंफले गेले ते फिलिप लार्किनच्या 'जिल' (१९४६) मध्ये. लार्किनचे कवी म्हणून नाव झाल्यामुळे ही कादंबरी मागे पडली. आपल्याकडे ती फार थोड्यांनी वाचली असावी. काळ १९४० चा. लँकशायरमधील कामगार घरातला जॉन केम्प शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला येतो, आपल्या खोलीचे दार उघडतो, तो आत अनोळखी मंडळी चहा पीत बसलेली. आणि तो चहा त्याच्याच नव्या कपबश्यांतून चाललेला! कोणी उद्धटपणे बोलत नाही. त्याची वस्तू ही सर्वांची आणि त्यांची वस्तू त्यांची, हा नियम कोणी न सांगताच प्रस्थापित होतो. पुढे खोलीतला सोबती क्रिस्टोफर आणि त्याची मैत्रीण आपली टवाळी करीत असल्याचे जॉनच्या कानी पडते. घायाळ झालेला जॉन सूड घेत नाही. तो आपल्याला जिल नावाची एक बहीण असल्याची कल्पना करतो, तिच्या नावाने पत्रे लिहितो, तिची रोजनिशी रचतो.

येथपर्यंत वाचकाची सहानुभूती जॉनकडे असते आणि असावी. परंतु लार्किन येथे थांबत नाही. जॉनला आपल्या कल्पनेतल्या मुलीसारखी एक खरी मुलगी दिसते. ती पंधरा वर्षांची आहे आणि तिला या कल्पनेचा पत्ताही नाही. जॉन मद्याच्या धुंदीत तिचे बळेच चुंबन घेतो. नंतर क्रिस्टोफरची मंडळी त्याला थंड पाण्यात फेकून देतात आणि तो आजारी पडतो. या शेवटाला बहुतेक वाचक जॉनच्या शोकांतिकेचा कळस समजतात. त्या मुलीच्या बाजूने पाहिले तर? अपमानित मुलाने आपली प्रतिष्ठा परत मिळविण्यासाठी एक स्त्री घडविली आणि जिवंत मुलीवर तिचा हक्क बजावला. वरून आलेला अपमान त्याने खाली उतरविला. वर्गाचा बळी झालेला पुरुष स्त्रीच्या बाबतीत आपोआप न्यायी होतो, हा भाबडा समज लार्किनने चोविसाव्या वर्षीच सोडला होता.

स्त्रियांनी लिहिलेल्या विद्यापीठीय वाङ्मयातही हीच गाठ उलट्या बाजूने पडलेली दिसते. डोरोथी सेयर्स १९२० मध्ये ऑक्सफर्डची पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. 'गॉडी नाइट' (१९३५) या तिच्या कादंबरीत स्त्रियांच्या एका महाविद्यालयात निनावी, अर्वाच्य पत्रे येऊ लागतात, पुतळे टांगले जातात, हस्तलिखितांची नासधूस होते. विदुषींचा एवढा द्वेष करणारे कोण? शेवटी गुन्हेगार ठरते ती खोल्या झाडणारी मोलकरीण. तिच्या नवऱ्याने संशोधनात पुरावा दडपला होता. एका विदुषीने ते उघड केले आणि त्याची पदवी गेली, म्हणून हा सूड. कथानक चोख बांधले आहे. सत्यापुढे वैयक्तिक निष्ठा किती मोलाची, हा लेखिकेचा प्रश्नही खरा आहे. तथापि १८९७ मध्ये पुतळा टांगणारे आणि १९२१ मध्ये फाटक मोडणारे हात कोणाचे होते, हे सेयर्सच्या पिढीला पुरते ठाऊक होते. ते हात पदवीचे अधिकारी असलेल्या सुखवस्तू तरुणांचे होते. कादंबरीत तेच काम केरसुणी धरणाऱ्या हाताकडे गेले आहे. हे जाणूनबुजून झाले असे मी म्हणणार नाही. न जाणता झाले असेल तर अधिकच विचार करण्यासारखे आहे.

व्हर्जिनिया वूल्फला ही गाठ काही अंशी दिसली होती. न्यूनम आणि गर्टन येथे १९२८ मध्ये दिलेल्या व्याख्यानांतून सिद्ध झालेला तिचा 'अ रूम ऑफ वन्स ओन' हा निबंध पुरुषांच्या महाविद्यालयातील मेजवानी आणि स्त्रियांच्या महाविद्यालयातील बेचव जेवण यांच्या तुलनेवर उभा आहे. बुद्धीचा प्रश्न तिने पैशाच्या हिशेबात मांडला. पुढे १९३१ मध्ये कष्टकरी स्त्रियांच्या आत्मकथनांच्या संग्रहाला प्रस्तावनादाखल लिहिलेल्या पत्रात, आपण या स्त्रियांकडे काठावरूनच पाहत आहोत, हेही तिने कबूल केले. तो काठ ओलांडणे तिला जमले नाही.

२०२० च्या सप्टेंबरात डरम विद्यापीठाबद्दल एक वृत्त प्रसिद्ध झाले. इंग्लंडातील हेही एक जुने आणि मानाचे विद्यापीठ. स्थापना १८३२ ची. तेथे प्रवेश मिळालेल्या काही श्रीमंत तरुणांच्या आपसांतील संदेशांत, नव्या मुलींपैकी सर्वांत गरीब मुलीला कोण आधी शय्येवर नेतो, अशी चढाओढ लावण्याचे बोलणे झाले होते. विद्यापीठाने चौकशी केली आणि एकाचा प्रवेश रद्द केला. अशा वेळी बचावाचा शब्द ठरलेला असतो: ती थट्टा होती. दोन तिरस्कार येथे एका वाक्यात आले आहेत, आणि सांधा कोठेही दिसत नाही.

ज्या मुलीवर ही पैज होती तिचे चित्र वर उल्लेखिलेल्या कादंबऱ्यांत शोधू गेल्यास सापडत नाही. ज्यूड आणि जॉन केम्प गरीब आहेत, पण पुरुष आहेत. सेयर्सच्या विदुषी स्त्रिया आहेत, पण खोली झाडावयास त्यांना मोलकरीण आहे. गरीब घरातून आलेली, शिष्यवृत्तीवर शिकणारी मुलगी, जिच्या बोलण्याची लकब आणि जिचे कपडे या दोहोंवर एकाच वेळी हसले जाते, ती या कादंबऱ्यांत विद्यार्थिनी म्हणून येत नाही. तिच्या वर्गातील जी स्त्री 'गॉडी नाइट'मध्ये महाविद्यालयाच्या फाटकातून आत येते, तिच्या हाती पुस्तक नसते.