माळावर कोणते गवत कोठे?



माळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? मुरूम, दगडगोटे, चार-दोन बोरी-बाभळी आणि उन्हाने करपलेले गवत. दप्तरातही अशा जमिनीपुढे बहुधा ‘पडीक’ हाच शेरा असतो. जी पिकत नाही ती पडीक, आणि पडीक म्हणजे रिकामी, असा आपला सरळ हिशेब. पण भाद्रपदात, गवत तुऱ्यावर आलेले असताना, एखाद्या राखलेल्या माळावरून माथ्यापासून ओढ्यापर्यंत चालत जा आणि खाली पाहत जा. गवत सगळीकडे एक नसते, आणि ते कोठेही कसेही उगवलेले नसते.

आपण नान्नजचा माळ डोळ्यांपुढे घेऊ. सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने साधारण २० किलोमीटरवर हे गाव लागते. येथील माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. कागदावर त्याचा विस्तार सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होता. पण त्यातली बहुतेक जमीन लोकांच्या मालकीची शेती होती, आणि पुढे हद्द पुष्कळच कमी करण्यात आली. खरा राखलेला माळ म्हणाल तर तो शेतांच्या मधूनमधून विखुरलेल्या लहान तुकड्यांचा. प्रदेश अवर्षणाचा, पाऊस बेभरवशाचा. अशा ठिकाणी पाऊस किती पडला यापेक्षा पडलेले पाणी जमिनीत किती मुरून राहिले, यालाच जास्त महत्त्व येते.

ते पाणी ठरते मातीच्या खोलीवरून. टेकाडाच्या माथ्यावर चार बोटे माती, खाली मुरूम. तेथे बारीक, विरळ, लवकर वाळणारे गवत दिसते. अरिस्टिडा नावाचे तीन कुसळांचे गवत हे त्याचे चांगले उदाहरण. त्यातल्या बऱ्याच जाती हंगामी असतात. म्हणजे पावसाबरोबर उगवायचे, घाईने बी धरायचे आणि मरून जायचे. पुढचा पाऊस येईपर्यंत जगते ते फक्त बी. थोडे खाली उतरावर माती वीतभर झाली की पवना, डोंगरी, कुसळी अशी ठोंब धरून राहणारी गवते लागतात. यांचा वरचा भाग वाळला तरी जमिनीतला ठोंब जिवंत असतो. आणखी खाली, सखल भागात, धुपून आलेली काळी माती साठते. तेथे मारवेल येतो. कुंद्याची ओळख तर मी काळ्या रानातल्या शेतकऱ्याला करून द्यायला नको. मुळ्या खणता खणता त्याची कंबर मोडलेली असते! ओढ्याच्या काठाने मग हिवर, बाभूळ, बोर ही झाडे. (भागाभागात गवतांची नावे बदलतात, तेव्हा नावावरून वाद न घालता गवत हातात घेऊन पाहावे.)

कुसळी एकदा भिंगाखाली धरून पाहा. तिच्या बियाला टोक असते आणि मागे लांब कुसळ. कोरड्या हवेत कुसळाला पीळ बसतो, ओल लागली की तो सुटतो. असे वळत-उलगडत ते बी आपणहून जमिनीत घुसते. पेरणारा कोणी लागत नाही. तेच टोक मेंढीच्या लोकरीत आणि तोंडात शिरते, म्हणून तुऱ्यावर आलेल्या कुसळीपासून मेंढपाळ मेंढरे दूर ठेवतो. कोवळेपणी मात्र जनावरे तीच आवडीने खातात.

आता दुसरी गोष्ट, चराईची. एकाच खोलीच्या मातीवर, कुंपणाच्या आत आणि बाहेर, निराळे गवत दिसते ते का? जनावर पोट भरण्याआधी चव पाहते. पवना आणि मारवेल आधी खाल्ले जातात. पाने पुन्हा पुन्हा खुडली गेली की ठोंबात अन्न साठत नाही, मूळ आखडते, आणि दोन-चार वाईट वर्षांत ठोंब मरतो. त्याच्या जागी कुसळी वाढते. चराई तशीच चालू राहिली तर कुसळीही मागे हटते, आणि उरते अरिस्टिडासारखे हंगामी गवत, त्यात तरवड आणि रुई, ज्यांना गुरे तोंड लावत नाहीत. दबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी देशभरच्या गवताळ रानांची पाहणी करून १९७३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या दख्खनच्या गवताला त्यांनी पवना आणि मारवेल यांच्याच शास्त्रीय नावांवरून नाव दिले. म्हणजे माळावर ही दोन गवते किती उरली आहेत, यावरून त्या माळाचे मागचे दिवस कसे गेले याचा अंदाज बांधता येतो.

मग झाडे लावली तर? हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण मुरमाड माथ्यावर दाट झाडी नाही ती कोणी तोडली म्हणूनच, असे समजू नये. तेथली माती आणि पाऊस गवताला मानवतात. अशा जागी गिरिपुष्पासारखी परकी झाडे रांगेने लावली तर सावलीत माळाचे गवत मागे पडते. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर एकच अंडे घालते आणि लांबवर नजर ठेवून असते. तिला मोकळा माळच हवा. हा पक्षी महाराष्ट्रातून आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे. त्याला कारणे अनेक आहेत, पण मोकळे माळ आकसले हे त्यांतले एक मोठे. झाडे जरूर लावावीत. बांधावर लावावीत, गावठाणात लावावीत.

कुंपण घालून माळ कायमचा बंद करणे हेही माझ्या मते अर्धेच काम होय. वर्षानुवर्षे न कापलेले गवत जागच्या जागी पडून कुजते, नव्या फुटव्याला उजेड मिळत नाही, आणि उन्हाळ्यात वणव्याची धास्ती. बी गळून पडल्यावर, दिवाळीच्या सुमारास, विळ्याने कापणी करून ते गवत गावाला द्यावे. धनगराला नुसते हाकलून दिले तर तो आपली मेंढरे शेजारच्या माळावर नेणार, आणि तो माळ दुप्पट वेगाने उजाड होणार. आपल्याकडे कुरण राखण्याची रीत जुनी आहे. त्यात पाळीपाळीने बंदी आणि पाळीपाळीने वापर असे.

शिक्षकमित्रांनो, हे सारे वर्गाबाहेर दाखवता येते. एक मीटर लांबीच्या चार काठ्या बांधून चौकट करा. माथ्यापासून ओढ्यापर्यंत सरळ रेषेत दर ५० पावलांवर ती जमिनीवर ठेवा. आत किती प्रकारची गवते आहेत, ठोंब किती, हंगामी किती, उघडी जमीन किती, हे मुलांना मोजू द्या. शेजारी पहारीने लहान खड्डा घेऊन मातीची खोली मोजा. खड्डा परत बुजवा. दहा-बारा चौकटी झाल्या की खोली आणि गवत यांचा आलेख फळ्यावर काढा. कुंपणाच्या आतबाहेर तुलना करायची असेल तर दोन्हीकडे मातीची खोली सारखी असेल तीच जागा निवडा, नाहीतर मातीचा फरक चराईच्या नावावर जमा होईल. आणि प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात एक खुंटी रोवून ठेवा. पुढच्या भाद्रपदात पुढच्या वर्गाला तीच जागा सापडली पाहिजे.