चढतं विमान, उतरतं जहाज

पाल्मा दे मयोर्काहून सुटणाऱ्या जहाजातली केबिन आणि स्टुटगार्टहून पाल्माला जाणाऱ्या विमानातली खुर्ची, या दोन्ही वस्तू एकाच तऱ्हेने नासतात. जहाजाने दोर सोडले की रिकाम्या केबिनची किंमत शून्य. विमानाचं दार लागलं की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. मंडईत संध्याकाळी उरलेल्या मेथीच्या जुडीचं जे होतं, तेच दोघांचं व्हायला हवं: वेळ संपत आली की भाव पाडा आणि मोकळे व्हा. केबिनचं बहुधा तसंच होतं. खुर्चीचं मात्र बरोबर उलटं. निघायची तारीख जवळ येते तसा जहाजाचा भाव उतरतो आणि विमानाचा चढतो, आणि तेही एकाच आठवड्याच्या, एकाच बंदराच्या सहलीसाठी.

मुंबईकराला याचं काही वाटणार नाही. तो टॅक्सी करून बॅलार्ड पिअरला जातो आणि गोव्याच्या क्रूझवर चढतो; विमानाचा प्रश्नच येत नाही. पण त्सुफेनहाउझेनमध्ये राहणाऱ्याला हा पेच टाळता येत नाही. स्टुटगार्टचा हा उत्तरेकडचा भाग १९३१ मध्ये शहरात सामील झाला. पोर्शेचा मूळ कारखाना इथे आहे, शेजारच्या फॉयरबाखमध्ये बॉश आहे, आणि कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र किमान चारशे किलोमीटरवर. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत खरी, पण मराठी कुटुंबांची इथली ये-जा वाढली ती बहुतांशी मोटारींमुळे. मर्सिडीजने १९९४ मध्ये पुण्यात बस्तान मांडलं, तेव्हापासून पुणे-स्टुटगार्ट हा रस्ता इंजिनिअरांच्या पायाखालचा झाला. अशा घरात कुणी तरी शेवटच्या घटकेला स्वस्तात निघालेली क्रूझ शोधत असतं आणि प्रश्न येतो: आधी विमान काढायचं की आधी जहाज? जहाज हातात नसताना विमानाचं तिकीट काढणं हा वरवर पाहता शुद्ध वेडेपणा. तो तसा का नाही, हे समजायला दोन्ही भावांच्या पोटात शिरावं लागतं.

विमानापासून सुरुवात करू. १९७२ मध्ये ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनमधल्या केन लिटलवुड यांनी एक नियम मांडला. तो इतका साधा आहे की आधी कुणाला कसा सुचला नाही याचं नवल वाटावं. समजा, एक खुर्ची आज ८० युरोला मागणारं गिऱ्हाईक समोर उभं आहे. त्याच खुर्चीला शेवटच्या आठवड्यात २४० युरो देणारा कुणी येईल किंवा येणारही नाही. ८० हा २४०चा तिसरा हिस्सा. तेव्हा तो उशिरा येणारा माणूस खरोखर येण्याची शक्यता एक तृतीयांशाहून जास्त असेल, तर आजच्या ८० युरोंना नाही म्हणायचं आणि खुर्ची राखून ठेवायची. कमी असेल तर लगेच विकून टाकायची. बस, एवढंच. पुढे यात अनेक भाडेगट आले, एमआयटीच्या पीटर बेलोबाबा यांनी १९८० च्या दशकात त्याचं गणित विस्तारलं, संगणक आले. पण मुळाशी आजही हाच प्रश्न आहे: उशिरा येणारा कोण आहे आणि तो किती देईल?

या प्रश्नाची ताकद १९८५ मध्ये दिसली. अमेरिकेत पीपल एक्स्प्रेस नावाची अतिशय स्वस्त विमान कंपनी जुन्या कंपन्यांचे प्रवासी पळवत होती. अमेरिकन एअरलाइन्सने जानेवारी १९८५ मध्ये तिच्या तोडीची स्वस्त तिकिटं काढली, पण मोजक्या खुर्च्यांसाठी, आगाऊ पैसे भरणाऱ्यांसाठीच. बाकीच्या खुर्च्या उशिरा येणाऱ्या, जास्त देणाऱ्या प्रवाशांसाठी शाबूत ठेवल्या. पुढच्या वर्षी पीपल एक्स्प्रेस विकली गेली. तिची विमानं भरलेली असायची. पण कुठली खुर्ची कुणासाठी राखायची हे सांगणारी यंत्रणा तिच्याकडे नव्हती.

इथे चाणाक्ष वाचक अडवेल. उशिरा येऊन जास्त देणारा म्हणजे कंपनीच्या खर्चाने फिरणारा माणूस. सोमवारच्या मीटिंगसाठी शुक्रवारी तिकीट काढणारा. बरोबर. पण पाल्माला मीटिंगसाठी कोण जातं? ते विमान सुट्टीवरच्यांनी भरलेलं असतं. मग तिथे भाव का चढावा?

कारण उशिरा येणारा तिथेही आहे, फक्त तो निराळा आहे. त्याने तिथलं घर आधीच भाड्याने घेतलेलं आहे. किंवा त्याच्या मुलांची सुट्टी ठरलेली आहे आणि दुसरा आठवडाच त्याच्याकडे नाही. किंवा, आणि हा या गोष्टीतला सगळ्यात गमतीचा भाग, त्याने दोन दिवसांपूर्वी शेवटच्या घटकेची स्वस्त क्रूझ घेतलेली आहे. आता त्याला शनिवारी दुपारपर्यंत पाल्मा गाठणं भागच आहे. विमान कंपनीच्या संगणकाला त्याचं नाव माहीत नसतं, त्याच्या क्रूझचा पत्ता नसतो. पण शेवटच्या दिवसांत या मार्गावर तिकीट शोधणारा माणूस अडलेला असतो आणि तो देतो, हे मागच्या बुकिंगांवरून संगणक शिकलेला असतो. जहाज आधी घेणारा माणूस आपल्या पायाने चालत लिटलवुडच्या सूत्रातल्या २४० युरोंच्या जागेवर जाऊन उभा राहतो.

जहाजाकडे असं अडलेलं गिऱ्हाईक जवळजवळ नसतंच. क्रूझवर कुणी कामासाठी जात नाही. या जहाजावर नाही तर पुढच्या, नाही तर घरीच बाल्कनीत, इतकी सगळ्यांना मोकळीक. त्यामुळे केबिन राखून ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय हिशेब केवळ भाड्याचा नाही. मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या एकूण कमाईचा सुमारे एक तृतीयांश भाग जहाजावर चढल्यानंतरच्या खर्चातून येतो: बार, किनाऱ्यावरच्या सहली, स्पा, फोटो, कॅसिनो, इंटरनेट. रिकामी केबिन म्हणजे नुसतं भाडं बुडत नाही, सात दिवसांची कॉकटेल्सही बुडतात. म्हणून भाडं अगदी खाली आणूनही माणूस चढवलेला परवडतो. या कंपन्यांच्या अहवालांत जहाजं शंभर टक्क्यांहून अधिक भरलेली दिसतात, आणि त्यात लबाडी नाही. हिशेब केबिनमागे दोन माणसं असा धरतात, तिसऱ्या-चौथ्या खाटेवरची मुलं वरकड. इतक्या टोकापर्यंत भरायची सवय असलेल्या धंद्याला दहा केबिन रिकाम्या जाणं सोसत नाही.

जर्मनीत हा उतार केव्हा सुरू होतो, तेही बऱ्याच अंशी न्यायालयाने ठरवून दिलं आहे. पॅकेज सहलीसाठी आगाऊ रक्कम साधारण २० टक्क्यांपर्यंत आणि उरलेले पैसे निघण्याच्या ३० दिवस आधीपासून, अशी चौकट तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने घालून दिली. उरलेले पैसे भरायची वेळ आली की काहीजण मागे सरतात, केबिन परत येतात, आणि कंपनीच्या हातात जेमतेम महिना उरतो. उरलेल्या जागा विकणं हा तर त्सुफेनहाउझेनच्याच राज्यात, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, भरभराटलेला धंदा. एल्टूर ही शेवटच्या घटकेच्या सहली विकणारी कंपनी १९८७ मध्ये बाडेन-बाडेनला सुरू झाली. याच्या उलट काही कंपन्यांना ही सवय मोडायची आहे. रॉयल कॅरिबियनने २०१५ मध्ये शेवटच्या दिवसांतल्या सवलती बंद करण्याचं धोरण जाहीर केलं, कारण आधी पैसे भरणारे निष्ठावान प्रवासी शेजारच्या केबिनमधल्याचा भाव ऐकून भडकतात. त्यांचं काही चुकत नाही.

आता दोन्ही भाव शेजारी ठेवले की एक गोष्ट लक्षात येते, जी एकेकटं पाहून कधी दिसत नाही. केबिन स्वस्त झाली याचं एक कारण पुष्कळदा विमानच असतं. क्रूझ कंपन्या आपल्या प्रवाशांसाठी विमानातल्या जागा घाऊक घेऊन ठेवतात. त्या संपल्या की उरलेल्या केबिन ‘फक्त जहाज, येणं तुमचं तुम्ही बघा’ अशा विकाव्या लागतात. ज्याला विमानाला तिप्पट पैसे मोजायचे आहेत, त्याला त्या केबिनचं कौतुक नाही. त्याला पटवायचं तर केबिनचा भाव आणखी उतरवायला हवा. म्हणजे जाहिरातीतल्या त्या नवलाच्या आकड्यात विमानाची महागाई आधीच वजा झालेली असू शकते. हा आकडा खऱ्या अर्थाने फक्त एकाच माणसासाठी स्वस्त असतो: ज्याच्या खिशात जुन्या भावाचं तिकीट आहे.

त्सुफेनहाउझेनमध्ये याला आणखी एक पीळ आहे, शाळेच्या सुट्ट्यांचा. जर्मनीत उन्हाळी सुट्टी राज्याराज्यांत पुढेमागे ठेवतात, रस्ते आणि हॉटेलं एकदम तुंबू नयेत म्हणून. त्याची चौकट १९६४ च्या हँबुर्ग करारात घातली गेली. बाकीच्या राज्यांच्या तारखा दरवर्षी सरकतात, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बव्हेरिया आपली जागा सोडत नाहीत: सुट्टी जुलैच्या अखेरीस सुरू होते आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास संपते. जूनच्या सुमारास पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवड्यांची सुट्टी वेगळी, जी इतर बऱ्याच राज्यांत इतकी लांब नसते. आणि शाळा सक्तीची आहे. स्वस्त विमानासाठी मुलांची शेवटच्या दिवसाची शाळा बुडवली तर आई-वडिलांना दंड होऊ शकतो. आपल्याकडच्या ‘लग्न होतं’ या चिठ्ठीवर तिथे भागत नाही.

याचा परिणाम पाहा. स्टुटगार्टच्या विमानात बसतात मुख्यतः स्टुटगार्ट परिसरातले लोक. जहाजात मात्र कीलपासून म्युनिकपर्यंतचे. विमानाचा भाव स्थानिक असतो, जहाजाचा साऱ्या देशाचा. सप्टेंबर उजाडला की उत्तरेकडच्या शाळा सुरू झालेल्या असतात, कुटुंबांच्या केबिन मोकळ्या पडू लागतात. त्सुफेनहाउझेनमधली मुलं मात्र अजून घरीच. जहाज साऱ्या देशाचं म्हणून ढिलं पडतं, विमान आपल्याच गल्लीतल्या लोकांनी भरतं. त्यात स्टुटगार्टला रात्री अकरा ते सकाळी सहा जेट विमानांना उड्डाणाची बंदी, म्हणजे जादा फेऱ्या वाटेल तशा घुसवताही येत नाहीत. दोन भावांमधली ही फट माझ्या मते उन्हाळ्यातल्या त्या शेवटच्या आठवड्यांत जितकी रुंद होत असेल, तितकी क्वचितच कधी होत असेल.

म्हणून विमान आधी. मात्र हा जुगार आहे, आणि तो कुठल्या बंदरावर खेळता यावर सगळं ठरतं. विमान काढताना आपण जहाजाचा वारही ठरवून टाकतो. शनिवार ते शनिवार तिकीट काढलं की रविवारी सुटणारी सगळी जहाजं बाद. पाल्मा किंवा बार्सिलोना असेल तर हंगामात निरनिराळ्या कंपन्यांची जहाजं येत-जात असतात आणि एखादी तरी जुळायची आशा असते. आठवड्याला एकच जहाज सुटणाऱ्या बंदराचं तिकीट आधी काढणं मात्र खरोखरच वेडेपणा. दुसरी कसोटी मी याहून महत्त्वाची मानतो: जहाज मिळालंच नाही तरी त्या गावात आठवडा काढायला आवडेल का? आवडणार असेल तर तिकीट वाया जात नाही. उडायचंच नाही असं ठरवलं तरी भाड्यातला विमानतळाच्या करांचा आणि शुल्कांचा भाग सहसा परत मागता येतो. तो मागायचं बहुतेकांना सुचत नाही.

दोन तिकिटं वेगवेगळी घेतल्याचा खरा भुर्दंड निघायच्या दिवशी कळतो. युरोपच्या कायद्यात क्रूझ ही पॅकेज सहल धरली जाते, आणि तिच्याबरोबर कंपनीकडूनच विमान घेतलं असेल तर तुम्हाला जहाजापर्यंत पोचवणं ही कंपनीची डोकेदुखी. स्वतः काढलेलं विमान तीन तास उशिरा पोचलं तर स्टुटगार्ट-पाल्मा अंतराला माणशी २५० युरो भरपाईचा हक्क आहे, तोही दोष विमान कंपनीच्या हातातला असेल तर. जहाज तोवर पुढच्या बंदराकडे निघालेलं असतं. त्यामुळे आदल्या दिवशी पोचणारं विमान काढून एका रात्रीचं हॉटेल जोडणं हा खर्च क्रूझच्या भावातच धरून चालावा. किंवा विमान गणितातूनच काढून टाकावं: हँबुर्ग आणि कीलहूनही जहाजं सुटतात आणि तिथे स्टुटगार्टहून रेल्वेने जाता येतं.

आणि पुण्याहून आई-बाबा आलेले असतील तर भावाच्याही आधी जहाजाचा मार्ग पाहायला हवा. त्यांच्या शेंगेन व्हिसावर एकदाच प्रवेशाची मुभा असेल आणि जहाज मध्येच ट्युनिसला किंवा साउथहॅम्प्टनला लागणार असेल, तर ते शेंगेनबाहेर गेले, आता परत कसे येणार? ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो, तो निराळा मुद्दा. शेवटच्या घटकेला घेतलेल्या क्रूझला व्हिसासाठी वेळ नसतो, आणि कागद अपुरे असतील तर चढतानाच अडवतात. पैसे परत मिळत नाहीत. ती केबिन मग पूर्ण भाडं वसूल होऊन रिकामी जाते. कंपनीचं नुकसान म्हणाल तर बारच्या बिलाचं.