तरंग-उपचार : संवेदनांना दिलेली विश्रांती

बाहेरून येणाऱ्या संवेदना जवळजवळ थांबवल्या तर मेंदू झोपी जातो की जागाच राहतो, या प्रश्नाचा शोध घेण्यासाठी अमेरिकी वैद्यक-संशोधक जॉन लिली यांनी 1954 मध्ये तेथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत पाण्याच्या अंधाऱ्या टाकीचा प्रयोग केला, आणि आजच्या तरंग-उपचाराचा उगम त्यातच आहे. लिलींच्या टाकीत माणूस मुखवटा लावून पाण्याखाली राहत असे. 1970च्या दशकात मात्र एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट हा क्षार, विपुल प्रमाणात विरघळवलेले उथळ पाणी वापरात आले.

या द्रावणाची घनता शरीरापेक्षा अधिक असल्याने माणूस विनासायास उताणा तरंगतो, मान व पाठीच्या स्नायूंवरील भार हलका होतो, आणि पाण्याचे तापमान त्वचेइतके, सुमारे 35 अंश सेल्सिअस, राखल्यामुळे शरीर व पाणी यांतील सीमारेषेची जाणीव पुसट होत जाते.

अमेरिकेतील टल्सा येथे जस्टिन फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी चिंता व तणावाशी निगडित विकार असलेल्या 50 व्यक्तींवर केलेल्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका तासाच्या सत्रानंतर चिंता, स्नायूंचा ताण व वेदना लक्षणीयरीत्या घटल्याचे दिसले. मात्र या अभ्यासात टाकीत न तरंगलेल्या रुग्णांचा तुलनेसाठी गट नव्हता आणि मोजमाप तात्कालिक परिणामांचे होते. त्यामुळे या पद्धतीकडे मानसोपचाराचा पर्याय म्हणून न पाहता पूरक साधन म्हणून पाहणे उचित ठरते, तसेच उघडी जखम किंवा अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा विकार, असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय टाकीत उतरू नये.